‘इतर’ म्हणजे कोण?

मनकर्णा ओव्हाळ पुण्यात पहिल्या नोकरीवर रुजू झाली, त्याच दिवशी साहेबानं तिचं नाव बदलायला घेतलं.

"मनकर्णा फार जुनाट वाटतं. आपण मानसी म्हणू या का?"

"आजीचं नाव आहे ते," ती म्हणाली. "लांब वाटत असेल तर नुसतं ओव्हाळ म्हणा."

साहेब मानसीही म्हणाला नाही आणि ओव्हाळही. तो ‘मॅडम’ म्हणायला लागला, मग सगळं ऑफिस म्हणायला लागलं, आणि धड पंचविशीही न गाठलेली ती पोर तेव्हापासून मॅडम झाली ती झालीच.

कंपनी सर्वेक्षणाची होती. गावोगाव पोरं पाठवायची, लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं संगणकात भरायची आणि त्यांतून तक्ते काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मनकर्णा औरंगाबादेतून संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली. तक्ते काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काही वर्षं बरी गेली. मग एकदा तिच्या पुढ्यात तिच्याच बीड जिल्ह्यातल्या गावांची फाईल आली. हिवाळ्यात केलेलं सर्वेक्षण. ओळींमागून ओळी एकाच शेऱ्याच्या: घर बंद, घर बंद, घर बंद.

"ह्या ओळी काढून टाका," साहेब म्हणाला. "तक्ता स्वच्छ दिसेल."

"सर, ही घरं बंद आहेत, पण मोकळी नाहीत. ही माणसं ऊसतोडीला गेलीत. ह्यांना काढलं तर ह्या गावांत मजूरच राहत नाहीत असं दिसेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या घरालाही दिवाळीपासून कुलूप असायचं. आईवडील कारखान्यावर, मी आजीजवळ."

साहेब जरा वरमला, पण ऐकला नाही. गिऱ्हाइकाला बंद घरांशी काही देणंघेणं नव्हतं. अहवालावर सही करायची वेळ आली तेव्हा मनकर्णानं पेन खाली ठेवलं, आणि त्याच आठवड्यात सामान बांधून ती बीडला आली. आई छबुबाई दारातच म्हणाली, "भांडून आलीस व्हय?" ती म्हणाली, "हो." छबुबाईनं चुलीवर चहा ठेवला.

बीडमध्ये बसस्टँडमागं क्लासवाल्यांची गल्ली आहे. तिथं तिनं एक खोली घेतली आणि पाटी लावली: ‘सर्वेक्षण आणि संख्याशास्त्र, संगणकासह’. पोरं यायची आणि विचारायची, पोलीस भरतीचं घेता का? तलाठ्याचं घेता का? ती नाही म्हणायची. शेजारचा क्लासवाला हसायचा, "मॅडम, पाटी बदला, गर्दी होईल." पाटी तिनं बदलली नाही. पोटापाण्यासाठी मात्र एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ह्याचा भरवसा नाही.

अशात दुष्काळ आला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवून गेला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, जनावरं चारा छावणीत गेली. तालुक्याच्या एका दूध संघानं काही गावांतली संकलन केंद्रं बंद करायचं मनावर घेतलं. पण बंद करायला कारण हवं, म्हणून कॉलेजकडून सर्वेक्षण करून घ्यायचं ठरलं. प्राचार्य सुंदरराव आणि संघाचे चेअरमन बबनराव ह्यांचं जुनं सख्य. पोरांनी गावोगाव हिंडून उत्तरं आणली, मनकर्णानं ती पोरांकडून संगणकात भरून घेतली. तक्ते मात्र तिला काढू दिले नाहीत. ते संघाच्या ऑफिसातच निघाले. अहवालात एक वाक्य ठळक छापलं होतं: सभासदांना दुग्धव्यवसायात रस उरलेला नाही.

अहवाल फुटला, आणि आठवडाभरात कॉलेजच्या पायऱ्यांवर चार बायका येऊन उभ्या राहिल्या. चकलांब्याच्या अलीकडं एक फाटा फुटतो, तिथून आत गेलं की हिवरवाडी. तिथल्या महिला दूध संस्थेच्या त्या सभासद. पुढं संस्थेच्या अध्यक्षा गीताबाई. डोक्यावरून पदर, आवाज शिवारभर ऐकू जाईल असा. त्यांच्या मागं सून वच्छला, बारावी झालेली. कडेला उन्हानं रापलेली, सडपातळ सरूबाई, बौद्ध वस्तीतली. आणि म्हाताऱ्या सावित्रीबाई, ज्यांना खरं तर दवाखान्यात जायचं होतं.

"आमच्या दारात येऊन पोरांनी काय लिहून नेलं," गीताबाई प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरून म्हणाल्या, "ते आमाला दाखवा."

"बाई, ते आकडे असतात. संगणकात असतात. तुम्हाला नाही कळायचे."

"मंग शिकवा की. कॉलेज कावून काढलंय?"

सुंदरराव हसले. केबिनमधला शिपाईही हसला. मनकर्णा हजेरीपटावर सही करायला आली होती, तिला हसू आलं नाही.

"मी शिकवते," ती म्हणाली.

सुंदररावांचं हसू मावळलं. "मॅडम, लॅब विद्यार्थ्यांसाठी आहे. आणि आकडे कॉलेजचे आहेत."

"लॅब नको. आणि आकडे त्यांच्या घरातले आहेत, सर. नावं काढून देते. नाव काढलं की कुणाच्या घरातलं काय ते बाहेर पडत नाही."

"पुढच्या वर्षीच्या तासिकांचा विचार करा."

"केला," मनकर्णा म्हणाली. खरं तर केला नव्हता. तो तिनं बाहेर पडून, रिक्षात बसल्यावर केला. पण शब्द तोंडातून गेला होता.

असा दर रविवारी एसटीनं हिवरवाडीला जायचा क्रम सुरू झाला. वर्ग भरायचा दूध केंद्रावर. तिथं दूध थंड करायची मोठी स्टीलची टाकी होती, तिच्यासाठी वेगळी वीजजोडणी आणि जनरेटर. पण टाकीत ठरावीक पातळीपर्यंत दूध असल्याशिवाय यंत्र चालवता येत नाही, आणि दुष्काळात तेवढं दूध येतच नव्हतं. म्हणून टाकी बंद, आणि वीज मनकर्णाच्या दोन जुन्या लॅपटॉपना मोकळी. खोलीत आंबूस वास भरलेला. सावित्रीबाई पहिल्या दिवशी येऊन बसल्या आणि भिंतीला टेकून झोपल्या. पुढंही त्या यायच्या, झोपायच्या, पण एकही रविवार चुकवला नाही.

"हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं," मनकर्णानं सुरुवात केली. "ह्याचं नाव आर."

"आर?" सरूबाईनं विचारलं. "बैलं हाकायच्या पराणीला बसवत्यात ती?"

"इंग्रजीतलं अक्षर आहे. पण तसंच समजा."

"मंग टोचल्याबिगर चालायचं न्हाई म्हणा," गीताबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं निम्मी भीती पळाली.

आडवी ओळ म्हणजे एक घर, उभा रकाना म्हणजे एक प्रश्न, हे त्यांना लगेच कळलं. अडलं ते टंकण्यात. एक स्वल्पविराम चुकला की पडद्यावर लाल अक्षरं धावायची.

"लाल लाल शिव्या द्यायलंय," सरूबाई म्हणायची.

"शिव्या नाहीत. कुठं अडलंय ते सांगतंय."

"मंग मराठीत सांगावं की त्यानं."

 मनकर्णानं नेहमी येणाऱ्या चुकांचा अर्थ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून टाकीला चिकटवला.

सरासरी काढायच्या दिवशी मजा झाली. घरामागं रोजचं दूध किती, ह्याची सरासरी चांगली घसघशीत निघाली.

"येवढं दूध हाय गावात?" वच्छला म्हणाली. "मंग टाकी कावून बंद हाय?"

 "उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावून बघा," मनकर्णा एवढंच म्हणाली. लावली, आणि शेवटची ओळ बघून सरूबाई हसायला लागली. नाव नव्हतं, पण तेवढ्या जर्सी गाई गावात एकाच्याच दावणीला होत्या.

"गीताकाकी, तुमच्या गाईंनी समद्या गावाला दूध पाजलं बघा."

मग बरोब्बर मधोमध येणारं घर पाहिलं. त्याचं दूध तांब्याभरच होतं. गीताबाईंनी तो आकडा पुन्हा वाचला. "म्हंजी माझ्या घरामुळं गाव सधन दिसतंय," त्या म्हणाल्या. मध्यक हा शब्द मनकर्णानं त्यानंतर सांगितला.

पण सगळंच असं गोडीत चाललं नाही. मनकर्णाचा एक स्वभाव होता: समोरच्याला वेळ लागला की तिच्या हाताला खाज सुटायची. एका रविवारी सरूबाई माऊस घेऊन चाचपडत होती. मनकर्णानं तो तिच्या हातून काढून घेतला आणि भराभर स्वतःच करून टाकलं. सरूबाई उठली, पदर खोचला, गेली. पुढच्या रविवारी आली नाही.

मनकर्णा वस्तीवर तिच्या घरी गेली. सरूबाई शेळीला पाला टाकत होती.

"का आला नाहीत?"

"तुमालाच करायचं असलं तर आमी कशापायी बसायचं? आमच्या हातनं सगळेच काढून घेत्यात, मॅडम. तुमी तरी घिऊ नका."

मनकर्णाला झोंबलं. हेच तिला कुणी केलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. तिनं माफी मागितली, वळवून वळवून नाही, सरळ. त्यानंतर शिकवताना ती दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. सुरुवातीला फार जड जायचं.

आणि मग आला तो प्रश्न, ज्यावर अहवाल उभा होता: दूध घालणं का बंद केलं? उत्तराला चार पर्याय होते. चारा नाही, पाणी नाही, जनावर विकलं, आणि इतर. वच्छलानं तक्ता काढला. ‘इतर’ सगळ्यांत जास्त.

"संघानं ह्या ‘इतर’लाच ‘रस नाही’ म्हटलंय," मनकर्णा म्हणाली. "आता तुम्ही सांगा, इतर म्हणजे काय?"

"आमाला काय ठावं?"

"पोरांनी शेजारच्या रकान्यात लोकांचे शब्द लिहिलेत. वाचा."

वच्छला वरच्या ओळी एकेक वाचत गेली. गाडी उशिरा येती, दूध नासतं. गाडी दुपारी येती. नासलं म्हणून परत दिलं. गाडी आलीच नाही. सावित्रीबाई जाग्या झाल्या होत्या. "हे मी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "त्या पोराला. हे माझंच हाय."

चारा नव्हता, पाणी नव्हतं, तरी ह्या बायकांनी जनावरं जगवली होती, दूध काढलं होतं, केंद्रावर आणलं होतं. टाकी बंद, कॅन उन्हात, आणि संघाची गाडी ऊन चढल्यावर यायची. रस संघाला उरला नव्हता. गीताबाईंनी मांडीवर थाप मारली. "बबनरावाच्या पुढ्यातच टाकते हे!"

त्या आठवड्यात हिवरवाडीत दुसरी चर्चा नव्हती.

पुढच्या रविवारी मनकर्णानं एकच नवी गोष्ट शिकवली: तोच तक्ता दोन भागांत फोडून बघायचा. गावठाणातली घरं एकीकडं, वस्तीवरची एकीकडं. त्या दिवशी पाळी सरूबाईची होती. तिनं एकेक अक्षर शोधून सगळी आज्ञा स्वतः टंकली. लाल अक्षरं आली नाहीत. तक्ता आला.

वस्तीवरच्या घरांत ‘इतर’ जवळजवळ सगळ्यांचंच होतं. सरूबाईनं शेजारचे शब्द वाचायला घेतले. पहिल्यांदाच इतक्या सलग वाचत होती. आमचं दूध शेवटी घेतात. सगळ्यांचं झाल्यावर आमचं. बाजूला उभं करतात, तवर नासतं. भांडं लांब ठेव म्हणतात.

 दूध मोजायला केंद्रावर कारभारी नावाचा माणूस होता, गीताबाईंचा दीर.

"कारभारी जुना माणूस हाय," गीताबाई म्हणाल्या. "सवय हाय त्याची. मनात काई न्हाई."

"दुधाला काय कळतंय मनातलं," सरूबाई म्हणाली. "ते नासतंच."

"सरू, हे गावातलं हाय, गावात मिटवू. बबनरावासमोर कावून न्यायचं? त्यो हेच धरून बसंल. पयला तक्ता नेऊ, ह्यो ऱ्हाऊ दे."

"अर्धा नेणार असाल तर मी येत न्हाई."

गीताबाई मनकर्णाकडं वळल्या. "मॅडम, तुमी सांगा हिला. का तुमी बी तिच्याच बाजूच्या? तुमी त्यांच्यातल्या, म्हणून हे फोडाफोडीचं शिकवलं आज?"

मनकर्णाचे हात पाठीमागंच होते. ते तिनं सोडले.

"मी त्यांच्यातलीच आहे, गीताबाई. कधी लपवलं नाही. पण गेल्या रविवारी गाडीचा तक्ता निघाला, तुम्ही मांडीवर थाप मारली, तेव्हा मी कुणातली होते? तेव्हा नाही विचारलंत."

गीताबाईंचं तोंड लाल झालं.

"पुण्यात मला अशाच ओळी काढून टाकायला सांगितल्या होत्या," मनकर्णा म्हणाली. "मी नोकरी सोडली. हाही तक्ता काढायचा असेल तर तुम्ही काढा. मी काढणार नाही, आणि काढायला शिकवणारही नाही."

"चल गं वच्छला!" गीताबाई उठल्या.

वच्छला उठली नाही. मान खाली घालून तिनं बटणं दाबली. "फाईल सेव्ह करून येते, आत्या. तुमी व्हा पुढं."

सासू दारात क्षणभर थांबली आणि निघून गेली.

परतीच्या एसटीत मनकर्णाला वाटलं, संपलं सगळं. बबनरावांना काहीच करावं लागणार नाही, आपणच वर्ग मोडला. पण चुकलो असं काही केल्या वाटेना. राग मात्र गेवराईपर्यंत उतरला नाही.

मधल्या दिवसांत काय झालं ते तिला वच्छलाकडून फोनवर कळलं. गीताबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटेच केंद्रावर जाऊन बसल्या. कारभारी नेहमीप्रमाणं वस्तीवरच्या बायकांना बाजूला उभं करायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातून माप घेतलं. "जी आधी आली तिचं आधी," म्हणाल्या. गावठाणातल्या दोघीतिघी कुरकुरल्या. एक भांडं उचलून घरी गेली. कारभारी रुसून शेतात जाऊन बसला. गीताबाई रोज पहाटे जात राहिल्या.

संघाच्या सभेला त्या आल्या तेव्हा मनकर्णाशी एक शब्द बोलल्या नाहीत. सभागृह भरलेलं, वर पंखे, समोर बबनराव आणि शेजारी सुंदरराव. सभासदांच्या प्रश्नांची वेळ आली तेव्हा सरूबाई पडद्यासमोर उभी राहिली.  तिनं पहिला तक्ता दाखवला. मग, कुणी मागितला नसताना, दुसरा.

बबनराव खुर्चीत पुढं सरकले. "बघा! आपसात भांडणं गावाची, आणि खापर संघाच्या गाडीवर? तुमच्याच केंद्रावर तुम्ही दूध नासवता!"

सभागृहात हशा पिकला. मनकर्णा उठणार तोच गीताबाई उभ्या राहिल्या.

"खरं हाय ते," त्या म्हणाल्या. आवाज शिवारभर जाईल असाच. "आमच्यात खोट हुती. ह्या सरूनं दाखवली, मला लई लागलं. पण आमी त्यावर बोललो, आन बदललं. आता माप माझ्या हातात हाय, या बघायला. आमचं आमी सांगून मोकळ्या झालो. आता तुमची गाडी उन्हात कावून येती, तेवढं तुमी सांगा."

हशा थांबला. बबनराव सुंदररावांकडं बघायला लागले, सुंदरराव कागद चाळायला लागले. मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ओरडून विचारलं, "आमच्या गावाच्या ‘इतर’मधी काय हाय, ते बी काढा की!" मग दुसऱ्या गावातून कुणी, मग तिसऱ्या. सभा उधळल्यासारखीच संपली.

म्हणून संघ शहाणा झाला असं नाही. विचार करू म्हणाले, आणि महिन्याभरात हिवरवाडीचं केंद्र चालू केंद्रांच्या यादीतून काढलं. बायकांनी शेजारच्या दोन गावांशी बोलून एक जीप ठरवली. ती पहाटे येते आणि ऊन चढायच्या आत दूध चकलांब्याच्या दुसऱ्या डेअरीला पोचवते. गावठाणातून उचललेलं एक भांडं काही परत आलं नाही. सुंदररावांनी मनकर्णाला पुढच्या वर्षी तासिका दिल्या नाहीत. पत्रही पाठवलं नाही, वेळापत्रकात नाव नव्हतं एवढंच. छबुबाई म्हणाली, "आता काय करशील?" मनकर्णा म्हणाली, "गावं लई हायत, माय." ती आईशी बोलताना तिच्याच भाषेवर यायची.

गावं खरंच आली. ज्यांना आपापल्या ‘इतर’मध्ये काय आहे ते बघायचं होतं ती माणसं पाटी शोधत बसस्टँडमागं यायला लागली. त्यांतली काही स्वतःचंच उणं दिसल्यावर पुन्हा फिरकली नाहीत. मनकर्णानं त्यांच्यासाठी शिकवणं पातळ केलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ बरसलं, पेरण्या झाल्या, आणि हिवरवाडीच्या वर्गात शिकणाऱ्या दोघीच उरल्या, सरूबाई आणि वच्छला. त्यांना आता स्वतःचं सर्वेक्षण करायचं होतं. प्रश्न सरूबाईनं काढले होते. मनकर्णा एकेक तपासत होती, आणि एका प्रश्नावर थांबली: ‘केंद्रावर तुमच्याशी कसं बोलतात?’

"हा असा नाही चालणार, सरूबाई. उत्तरं कशीही येतील. मोजणार कशी? पर्याय द्या. चांगलं, बरं, वाईट."

"पर्याय दिलं की लोक ‘बरं’वर बोट ठिवून मोकळं हुत्यात. मी बी ठिवलं असतं."

"पण तक्त्यात कसं बसवायचं?"

"बसवू कसं बी. आधी येऊ तर द्या," सरूबाई म्हणाली. "प्रश्न आमचा हाय, मॅडम. त्यो असाच ऱ्हाईल."

मनकर्णानं वाद घातला. चांगला तासभर घातला. सरूबाई हटली नाही. शेवटी मनकर्णानं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला, आणि सरूबाईनं तो प्रश्न, एकही पर्याय न देता, जसाच्या तसा टंकला.